जंगी पलटणीतल्या शिपायाविषयी लिहिताना

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा सावकाश वाचला. पणजोबांच्या थोरल्या भावाविषयी लिहायचे तू मनावर घेतलेस याचा आनंद आहे. परंतु जवळजवळ सगळी पाने पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, लढायांनी भरली आहेत, आणि तो ज्या घरातून गेला ते घर तू दोन ओळींत आटोपले आहेस. लढायांचा इतिहास पुष्कळांनी लिहून ठेवला आहे; त्या घराचा इतिहास तू लिहिला नाहीस तर दुसरे कोणी लिहिण्याचा संभव नाही.

आजीच्या तोंडी ‘जंगी पलटण’ हा शब्द होता, ही तुझ्या हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण ते १०३ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे टोपणनाव, आणि त्यावरून त्याची पलटण निश्चित होते. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने गेली, सलमान पाकच्या लढाईनंतर मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ११० आणि ११७ या मराठा पलटणीही तिथेच होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. ही हकिकत तू सेनापतींच्या बाजूने सांगितली आहेस. ती शिपायाच्या ताटाकडून सांग. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवावी लागली, आणि तोवर उपासमारीने व ताज्या अन्नाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने माणसे खंगून गेली होती. घरात पंढरीची वारी होती असे तू ओझरते लिहिले आहेस. तो स्वतः माळकरी होता का, हे वडीलधाऱ्यांना विचार. उत्तर मिळाले तर या प्रसंगाला वेगळे वजन येईल. न मिळाले तर तर्काने माळ त्याच्या गळ्यात घालू नकोस.

तुझ्या मसुद्यात ‘वीरमरण’ हा शब्द वारंवार येतो. तो वेढ्यात मेला की शरणागतीनंतर तुर्कांनी कैद्यांना करायला लावलेल्या पायपिटीत, की आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर राबताना कैदेत मेला, हे तुला अजून ठाऊक नाही. कैदेत हगवणीने मेलेल्या माणसाला तलवारीचे विशेषण लावले की त्याचे खरे हाल झाकले जातात, आणि मला तर तो त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय वाटतो.

पहिला अन्याय दगडावर कोरलेला आहे. गावच्या चावडीवरचा संगमरवरी फलक तू पाहिलाच आहेस: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यावर आकडे आहेत, नाव एकही नाही. १९२९ साली उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर तरी काय केले? हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांची पलटणीगणिक केवळ संख्या दिली. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. आता त्यांच्या नोंदी संगणकावर शोधता येतात. आडनावाची आणि गावाची इंग्रजी स्पेलिंगे चमत्कारिक असतात, तेव्हा निरनिराळ्या तऱ्हांनी शोध. बापाचे नाव आणि गाव जुळल्याखेरीज मात्र नोंद आपली मानू नकोस, कारण एकाच नावाचे अनेक शिपाई सापडतील.

घरातल्या पेटीत चांदीचे पदक आहे म्हणतोस. त्याच्या कडेवर भिंगातून पाहा: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवलेली ब्राँझची तबकडी असेल तर तिच्यावर नावच उठावात असते. कृपा करून ती चिंच लावून घासू नका.

आता घराकडे वळतो. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. त्यातले किती घरी येत, ते कोणाच्या हातात पडत, त्यातून शेतसारा भरला जाई की सावकाराचे व्याज, हे विचारल्याशिवाय तो पलटणीत का गेला याचे उत्तर मिळणार नाही. तू ‘देशप्रेमाने’ असे लिहून मोकळा झालास. जिरायत जमिनीच्या तुकड्यावर तिघा भावांचे पोट भरत होते का, हे आधी पाहा. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार माग. खातेदार मयत झाला की वारसाची नोंद होते. ती कोणत्या साली झाली यावरून घरच्यांनी त्याला केव्हा मेलेला मानले हे कळू शकेल, आणि हे साल त्याच्या मृत्यूच्या सालाहून बरेच पुढचे निघाले तर दचकू नकोस. वेढ्यात पत्रव्यवहार तुटला होता. बेपत्ता माणसाचे दिवस घालायचे की वाट पाहायची, कुंकू ठेवायचे की पुसायचे, हा पेच अशा घरांतून कित्येक वर्षे असे. ती कागदपत्रे मोडीत असण्याची शक्यता आहे; मोडी जाणणाऱ्या माणसाला बरोबर ने, अंदाजाने वाचू नकोस.

वारस म्हणून कोणाचे नाव लागले, हेही नीट पाहा. भावांची नावे लागली आणि बायकोचे लागले नाही, तर ते तसेच लिही, मग भाऊबंदांपैकी कोणी रागावले तरी चालेल. दुसरे लग्न केले की विधवेचे पेन्शन थांबावे, दिराशी केले तर चालू राहावे, अशी अट लष्करात पुढे बराच काळ होती. तेव्हा ‘धाकट्या भावाने पाट लावून तिला आधार दिला’ हे तुझ्या आत्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवताना त्या आधारात घरात राहणाऱ्या पेन्शनचाही भाग होता का, एवढा प्रश्न वाचकासमोर ठेव. उत्तर माहीत नसेल तर देऊ नकोस.

आत्या अजून बोलत्या आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन ये. त्याच्या बायकोचे माहेर कोणते, लग्नात तिचे वय काय होते, ती कोणत्या साली वारली, हे विचार. आणि तिचे नाव विचार, कारण तुझ्या मसुद्यात ते कुठेच आलेले नाही.

तुझा,
काका