सिडनी पॉटिये यांचं बालपण कसं गेलं आणि ते अभिनयाकडे कसे वळले?

पॉटियेंबद्दल बोलताना लोक थेट १९६४ च्या ऑस्करवर येतात, कारण सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय नट. पण तुम्ही त्याच्या आधीचं विचारलंय, आणि मला त्यांची खरी कमाई तिथेच दिसते. मी मुंबईत रात्रशाळेत शिकवते, म्हणून त्यातला एक भाग मला फार जवळचा आहे.

आई-वडील बहामातल्या कॅट आयलंडवर टोमॅटो पिकवायचे आणि विकायला मायामीला यायचे. अशाच एका खेपेत, २० फेब्रुवारी १९२७ ला, दिवस भरण्याआधीच सिडनीचा जन्म झाला. सात भावंडांत धाकटा. बाळाचं वजन दीड किलोसुद्धा नव्हतं. वडिलांनी आशा सोडली आणि बुटांच्या खोक्याएवढी शवपेटी घेऊन आले. आईने मात्र हाय खाल्ली नाही. ती भविष्य सांगणाऱ्या एका बाईकडे गेली आणि पोरगा जगणार, राजेरजवाड्यांत वावरणार, असं ऐकून परतली.

मायामीतल्या जन्मामुळे अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पण बालपण गेलं बेटावर, वीज आणि नळाचं पाणी नसलेल्या गावात. दहाव्या वर्षी कुटुंब बहामाच्या राजधानीत, नसाऊला आलं, पंधराव्या वर्षी त्यांना मायामीला भावाकडे धाडलं. तिथे सामान पोचवायला गेले तर गोऱ्यांच्या घरी पुढच्या दाराने यायची बंदी. त्यांना ते मानवलं नाही. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क गाठलं. हॉटेलांत भांडी घासली, बस स्थानकाच्या शौचालयात रात्री काढल्या, वय खोटं सांगून सैन्यातही काही काळ काढला.

मग वर्तमानपत्रात ‘नट पाहिजेत’ अशी जाहिरात दिसली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अमेरिकन नीग्रो थिएटर या कृष्णवर्णीयांच्या नाटकमंडळीची. गेले, हातात संहिता दिली, आणि अडखळत एकेक शब्द लावायला लागले. उच्चार अस्सल बहामी. चाचणी घेणाऱ्याने बाहेर काढलं आणि सुनावलं, लोकांचा वेळ खाऊ नकोस, जा, कुठेतरी भांडी घास. पॉटिये आयुष्यभर सांगत राहिले की आपण भांडी घासतो हे त्या माणसाला त्यांनी सांगितलेलंच नव्हतं. नुसतं बघून त्याने तेवढीच लायकी ठरवली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी एक रेडिओ घेतला आणि निवेदक जसं बोलेल तसं, मागोमाग, महिनोन्‌महिने बोलत राहिले. पुढे जगाने वाखाणलेलं ते स्वच्छ, ठाम बोलणं असं घडलं. आणि वाचन? ते भांडी घासत त्या हॉटेलातल्या एका वयस्कर ज्यू वेटरने विचारलं, पेपरात काय आहे रे? धड वाचता येत नाही, असं पॉटियेंनी खरं सांगितलं. त्यानंतर काम उरकल्यावर तो रोज रात्री शेजारी बसून पेपर वाचून घ्यायचा. स्वल्पविराम म्हणजे काय, तिथे का थांबायचं, हेसुद्धा त्याने समजावलं. माझ्या वर्गात चाळिशीतला माणूस ओळीखाली बोट धरून पहिल्यांदा स्वल्पविरामापाशी बरोब्बर थांबतो, तेव्हा मला हे दोघं आठवतात. त्या वेटरचे नीट आभार मानायचे राहून गेले, याची खंत पॉटियेंना म्हातारपणीही होती.

त्याच थिएटरमध्ये ते परत गेले. झाडलोट करतो, त्या बदल्यात शिकवा, असं सांगून राहिले. एका नाटकात, पुढे गायक म्हणून गाजलेल्या हॅरी बेलाफाँटे यांचे बदली नट होते. एके दिवशी बेलाफाँटे येऊ शकले नाहीत आणि नेमका त्या दिवशी ब्रॉडवेचा दिग्दर्शक बघायला आला होता. त्याने १९४६ च्या ‘लिसिस्ट्राटा’ या नाटकात घेतलं. पहिल्याच प्रयोगात घाबरून वाक्यांचा क्रम चुकला, प्रेक्षक हसले, नाटकही लगेच बंद पडलं, पण समीक्षकांना हा पोरगा आवडला. १९५० मध्ये ‘नो वे आउट’ या चित्रपटात डॉक्टरची मोठी भूमिका मिळाली.

तरी पैसा नव्हताच. दुसऱ्या मुलीच्या जन्माच्या सुमारास आठवड्याला ७५० डॉलरची एक भूमिका चालून आली. त्यातल्या बापाची लेक मारली जाते आणि तो मुकाट राहतो. पॉटियेंनी नकार दिला, कारण त्यांचे वडील असं कधीच वागले नसते. मग इस्पितळाचं बिल भागवायला घरातल्या सामानावर ७५ डॉलर उचलले. भूमिका घेऊन आलेला एजंट मार्टिन बाऊम आधी चक्रावला, आणि नंतर त्यानेच त्यांचं काम हाती घेतलं.