पैसे मोजले, मग खेळ गेला कुठे?

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. दहावीच्या सुट्टीत मामांच्या वखारीवर केळीच्या फण्या धुऊन, खोकी भरून त्याने मजुरी जमवली आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक कॉम्प्युटर गेम 1,499 रुपयांना विकत घेतला. गेल्या महिन्यापासून तो उघडतच नाही. कंपनीचं उत्तर आलं की सर्व्हर (गेम चालवणारे कंपनीचे कॉम्प्युटर) बंद केलेत, आणि तुम्ही गेम नव्हे, तो वापरायचा परवाना घेतला होता. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेतला आणि दोन वर्षांनी विकणारा येऊन सोडून घेऊन गेला, तर आपण ऐकून घेऊ का?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, ऐकून घ्यायचं नाही. तुमचं पत्र वाचून मी फोन केला, तुम्ही रविवारी मुलाला घेऊन पॅसेंजरने भुसावळला आलात. त्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात जे पाहिलं, ते बाकीच्या वाचकांनाही कळायला हवं.

मुलाने काउंटरवर लॅपटॉप उघडला. कीबोर्डवरचं वरच्या बाणाचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं, बाणाची खूणही पुसलेली. गाडी पळवायचं बटण तेच. गेम सुरू केला, चित्र आलं, गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. मग मी डिस्कवरचं फोल्डर उघडून पाहिलं. 58 जीबी माल जागच्या जागी होता. गाड्या, रस्ते, डोंगर, इंजिनचे आवाज, सगळं. पोरगा बहुतेक वेळ एकटाच खेळायचा, समोर दुसरा माणूस नसायचा. तरी गेम दर वेळी दूरच्या सर्व्हरला ‘उघडू का?’ असं विचारूनच उघडायचा. आता तिकडे उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणून घरातला माल घरातच कुलूपबंद. पोराने खाली मान घालून मला विचारलं, “नाना, पण गेम मना शे ना?” तुझाच आहे रे बाबा, असं मी त्याला म्हणालो आणि ते मी मनापासून म्हणालो.

हे फक्त रावेरच्या पोराबरोबर झालेलं नाही. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने 2014 साली ‘द क्रू’ नावाचा शर्यतीचाच गेम आणला. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळणाऱ्यांचीही गाडी थांबली. पुढे तर घेतलेल्यांच्या खात्यातून तो परवानाच काढून घेतला. त्यावर रॉस स्कॉट या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपात नागरिकांच्या मागणीची दखल घ्यायला लावायची तर 10 लाख सह्या लागतात. जुलै 2025 मध्ये त्या मोहिमेने तो आकडा ओलांडला.

कंपन्यांचं म्हणणंही मी नीट वाचलं आहे. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, खरं आहे. गाड्यांच्या ब्रँडचे आणि गाण्यांचे करार संपतात, हेही खरं. पण करार संपल्यावर ‘फोर्झा होरायझन 4’ हा शर्यतीचा गेम डिसेंबर 2024 मध्ये विक्रीतून काढला, तरी ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा चालूच राहिला. म्हणजे विक्री थांबवणं वेगळं आणि विकलेलं परत नेणं वेगळं. सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणी म्हणत नाही. जाताना कुलूप काढून जा, एवढंच मागणं आहे. ‘डूम’ हा 1993 चा गेम. 1997 मध्ये त्याच्या कंपनीने त्याचा सोर्स कोड, म्हणजे गेम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून आजच्या मशीनवरही लोक तो चालवतात. आणि माझ्या खणात 2003 साली घेतलेली क्रिकेट गेमची सीडी आहे. दुकानातल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर ती आजही चालते, कोणाची परवानगी लागत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून नियम केला, की फक्त परवाना देत असाल तर तसं ठळक सांगा, नुसतं ‘खरेदी करा’ म्हणून विकू नका. मला तो नियम अर्धाच वाटतो. पाटी बदलली, माल जातोच. पण निदान पोराला आधी कळलं तरी असतं.

आता तुमचं काम. खरेदीचा ईमेल, यूपीआयची नोंद आणि कंपनीचं उत्तर, तिन्हींच्या प्रिंट काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तिथे भागलं नाही तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो, कंपनी कुठलीही असो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती घालवू नका. निकाल आपल्याच बाजूने लागेल अशी हमी मी देत नाही, पण पोराने उन्हात उभं राहून कमावलेले पैसे आहेत. तक्रार लिहायला बसायचं असेल तर दुकानात या, मी मराठीत लिहून देतो.

आणि पुढचा गेम घेताना बघायचं ते एवढंच, की नेट बंद केल्यावर तो चालतो का. गॉग (GOG) सारख्या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर गेमची पूर्ण इन्स्टॉल फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते. किमतीआधी हे बघा.

प्रश्न : माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. विंडोज 10 बंद झालं, तिन्ही मशीन भंगारात घाला असं विक्रेता सांगतो. खरं का?
— एक दुकानदार, शिरपूर

उत्तर : ताई, भंगारात अजिबात घालू नका. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, मशीन थांबलेलं नाही. नाव नोंदवलं तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ते अपडेट मिळण्याची सोय आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची एक चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. म्हणून चांगली धडधाकट मशीनं केवळ यादीत नाहीत म्हणून नाकारली जातात, याचा मला रोज राग येतो. माझ्याकडे अशी मशीनं येतात तेव्हा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकतो, रॅम 8 जीबी करतो, आणि ती पुन्हा पळायला लागतात. ज्या मशीनवर फक्त ऑनलाइन फॉर्म भरता तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. जुन्या श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फाइली मात्र विंडोजवरच ठेवा आणि ते मशीन नेटला जोडू नका.

प्रश्न : नवीन कायदा आल्यावर मुलाने बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम खेळणं गुन्हा आहे का?
— एक आई, नंदुरबार

उत्तर : नाही. ऑगस्ट 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, तेही चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा पोरांनी पैसे घालून घेतलेले कपडे आणि बंदुका गेल्या असंच वाटलं होतं. 2021 मध्ये पबजीच्याच जागी बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातला माल नव्यात आणायची सोय कंपनीने दिली होती. रावेरच्या भाऊंनी तक्रारीत हे उदाहरण जरूर घालावं. मुलगा किती वेळ खेळतो आणि त्यावर किती पैसे घालतो, ते मात्र तुम्ही त्याच्या शेजारी बसून बघा.