गडाच्या वाटेवर पहिल्यांदा

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या दिवसांत खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. यंदा पहिल्यांदाच निघणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत.

यात्रेसाठी नवे बूट घेतलेत. निघायच्या दिवशीच घातले तर चालतील? आणि फोड आला तर सुईदोरा ओवून ठेवायचा का? (अमळनेर)

नवे कोरे बूट घालून निघू नका. निदान महिनाभर रोज तेच घालून चाला आणि शेवटच्या दोन रविवारी पंधरा-वीस किलोमीटर सलग चालून बघा. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाऊल सुजतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख पुढे आपटून काळं पडतं. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका.

फोड येतो तो ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आल्यामुळे. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून आत पातळ सिंथेटिक मोजा आणि वर दुसरा घाला. दर दोन तासांनी जोड बदला. ओला जोड पिशवीला बाहेरून अडकवला की उन्हात लवकर वाळतो. बोटांमध्ये आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन लावा.

टाच चुरचुरली की तिथेच थांबा. मुक्कामावर गेल्यावर बघू म्हणणाऱ्यांचेच पाय जातात. जागा पुसून कोरडी करा आणि मायक्रोपोर पट्टी ताणून लावा. पट्टीला सुरकुती राहिली तर तीच घासते. छोटा, न दुखणारा फोड तसाच राहू द्या. मोठा, तटतटलेला असेल तर स्पिरिटने पुसलेल्या नव्या सुईने कडेला खालच्या बाजूला दोन छिद्रं पाडा, पाणी हळूच दाबून काढा, आयोडीनचं मलम लावून गॉज बांधा. वरची कातडी ओढून काढू नका. दोरा तर मुळीच ठेवू नका, कारण धूळ आणि जंतू त्याच्यावरूनच आत शिरतात. मधुमेह असलेल्यांनी स्वतः न टोचता डॉक्टरांना दाखवावं.

ऊन किती सोसायचं? पाणी किती प्यायचं? (चोपडा)

सोसायचं नाहीच. चैत्रात आपल्याकडे पारा चाळीशीच्या पुढे जातो. पहाटे तीनला निघा, साडेनऊ-दहाला सावली धरा, मग संध्याकाळी पाच ते आठ. ताशी चार किलोमीटरच्या चालीने दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर होतात आणि नवख्याला तेवढे पुरेत. धुळे ते मालेगाव हे पन्नासेक किलोमीटर एका दमात उरकायची हौस पुढच्या सगळ्या मुक्कामांवर वसूल होते.

उन्हात चालताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, पण नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन मळमळ आणि गुंगी येते. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाका. अर्ध्या लिटरमध्ये ‘कडक’ केलेलं ओआरएस पोट बिघडवतं. पुडी नसेल तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात. सोबती असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं आणि तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा: सावलीत न्या, कपडे भिजवा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आईचा अनवाणी जाण्याचा नवस आहे. वय बासष्ट. (साक्री)

नवसावर आम्ही बोलणार नाही, डांबराबद्दल बोलू. दुपारी डांबर साठ अंशांपुढे तापतं आणि तळव्याची कातडी सोलवटते. अनवाणी चाल रात्री आणि पहाटेच ठेवा, प्रत्येक थांब्यावर टॉर्चच्या उजेडात तळवे तपासा. नांदुरीपासून गडापर्यंतचा साधारण दहा किलोमीटरचा घाट तेवढा अनवाणी चढायचा, असंही कित्येक माउल्या ठरवतात. आम्हाला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. मधुमेह असेल तर मात्र अनवाणी नकोच.

वाटेत लोक आग्रहाने खायला देतात. नाही म्हटलं तर राग येतो का? पैसे द्यावेत का? (पारोळा)

हात जोडून ‘नाना, आत्ताच झालं, घोटभर पाणी द्या’ म्हटलं की कोणी रागावत नाही. राग येतो तो भरलेलं ताट अर्धं टाकून उठणाऱ्याचा. वाढणाऱ्याच्या हातात पैसे कोंबू नका, दानपेटी असेल तर तिच्यात टाका. आपला पेला आणि ताटली सोबत ठेवा. पंगतीनंतर मैलभर उडणाऱ्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले गावकऱ्यांनाच वेचावे लागतात, गुरंही ते खातात. कलिंगडाच्या सालीसुद्धा रस्त्यावर नकोत, मागच्याचा पाय घसरतो.

मुक्काम, शेत, शौच यांचे रिवाज काय? (शिरपूर)

शाळेत किंवा मंदिरात उतरायचं तर उजेड असतानाच सरपंचांना किंवा पुजाऱ्यांना विचारा आणि निघताना झाडून द्या. पहाटे तीनला गावातून जाताना ध्वनिक्षेपक बंद ठेवा. परीक्षेचे दिवस असतात, घरोघरी तान्ही आणि आजारी माणसं असतात. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात या दिवसांत उन्हाळी कांदा काढलेला असतो. ढिगावर बसू नका, विहिरीवर विचारल्याशिवाय उतरू नका. शौचाला विहीर, नाला, पाट यांपासून साठ-सत्तर पावलं लांब जा, खुरप्याने वीतभर खड्डा करा आणि मातीने बुजवा. महिलांनी पेट्रोल पंपांची ठिकाणं आदल्या दिवशीच बघून ठेवावीत. लघवी टाळायला म्हणून पाणी न पिणं किंवा लघवी दाबून चालणं फार वाईट, जळजळ सुरू होते.

महामार्गावर दोघं-चौघं असाल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला, एकामागे एक. पाठीवर चमकणारी पट्टी लावा आणि कानात हेडफोन घालू नका.

मी गटात सगळ्यात मागे पडते. सांगायला संकोच वाटतो. (एरंडोल)

ताई, पहिल्याच दिवशी सांगा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवून त्याची चाल गटाने धरावी आणि एका जाणत्याने शेवटी राहावं. पुढचे थांबून वाट बघतात आणि तुम्ही पोचताच उठतात, असं होत असेल तर तुम्हाला विश्रांतीच मिळत नाही. तुम्ही पोचल्यावर दहा मिनिटं मोजायची, हे गटप्रमुखांकडून आधीच ठरवून घ्या.