न विचारता वाढवलेली क्रेडिट लिमिट: भांडायचं कशावर आणि कुणाकडे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहणाऱ्या तुमच्या वडिलांचं पोस्टपेड कार्ड, क्रेडिट लिमिट (म्हणजे बिल किती रकमेपर्यंत जाऊ द्यायचं ती मर्यादा) १,५०० रुपये. कंपनीने कुणाला न विचारता ती ६,००० केली. वडील तुमच्या भावाकडे शारजाला गेले, रोमिंगचा पॅक घेतला नव्हता, आणि बिल आलं ५,४८०. लिमिट वाढवा असं आम्ही सांगितलंच नव्हतं, मग वरचे पैसे का भरायचे?

‘न विचारता वाढवली’ एवढ्याच मुद्द्यावर अडून बसलात तर बहुधा काही हाती लागणार नाही. कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: अर्जातल्या अटींनुसार लिमिट कमी-जास्त करायचा अधिकार आम्हाला आहे, शिवाय लिमिट म्हणजे काही शुल्क नाही, वापर तुमच्याच फोनवरून झालाय. दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्या खोडायला जड जातात. तुम्ही भांडण लिमिट जवळ आल्यावर मिळणाऱ्या इशाऱ्यावर न्या.

पोस्टपेडसाठी ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, २००५ सालचा निर्देश आहे. क्रेडिट लिमिट किती ते ग्राहकाला कळवायचं, आणि वापर लिमिटच्या ८० टक्क्यांवर गेला की सूचना द्यायची. आता हिशेब मांडा. १,५०० चे ८० टक्के म्हणजे १,२००. ६,००० चे ८० टक्के म्हणजे ४,८००. जुनी लिमिट असती तर १,२०० ला मेसेज आला असता आणि वडिलांनी किंवा भावाने तिथेच मोबाईल डेटा बंद केला असता. लिमिट परस्पर चौपट झाल्यामुळे पहिली सूचना ४,८०० वर आली, तेव्हा बिल जवळपास पूर्ण झालेलं होतं. तुमचं नुकसान या फरकात आहे. तक्रारीत हेच आकडे याच क्रमाने लिहा. वाद घालायची रक्कमही त्यातूनच निघते: ५,४८० वजा १,५००, म्हणजे ३,९८० रुपये. पूर्ण बिल माफ करा म्हणू नका. भाडं आणि जुन्या लिमिटपर्यंतचा वापर मान्य केलात की तुमचं म्हणणं जास्त वजनदार होतं.

एक तपासणी मात्र आधी करा. परदेशातल्या नेटवर्कवरच्या वापराची नोंद आपल्या कंपनीकडे लगेच येत नाही, काही तास जातात. कंपनी हे कारण पुढे करणारच. बिलातली रोमिंगची पानं काढून वापर कोणत्या तारखेला, किती वाजता झाला ते बघा. तो तीन-चार दिवसांत पसरलेला असेल तर उशिराची सबब टिकत नाही. पण विमानातून उतरल्यावर एका संध्याकाळीच फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट होऊन सगळे पैसे गेले असतील, तर १,५०० ची लिमिट असतानाही बिल वर गेलंच असतं. मग दावा कमी करून मागा.

लिमिट वाढवली कुणी, हे शोधण्यात वेळ घालवू नका. ती सिस्टीमच वाढवते. बिल वेळेवर भरत राहणाऱ्याची लिमिट आपोआप वर जाते, म्हणजे ज्याने कधी थकवलं नाही त्यालाच हा ‘मान’ मिळतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट केलंय की ग्राहकाच्या संमतीशिवाय लिमिट वाढवायची नाही. तो नियम मोबाईल कंपनीला लागू होत नाही, तरी पुढे अपील करायची वेळ आली तर त्यात एका ओळीत त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आता पुरावा. वडिलांच्या फोनवर मेसेजमध्ये ‘लिमिट’ शब्द इंग्रजीत टाकून शोधा आणि जे जे सापडेल त्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, जुने मेसेज आपोआप उडायच्या आत. मागची सहा बिलं डाउनलोड करा. बिलावर क्रेडिट लिमिट छापलेली असेल तर कोणत्या महिन्यापासून आकडा बदलला ते कागदावरच सिद्ध होतं, आणि लिमिट वाढवल्याचा मेसेजच आला नसेल तर हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद. ॲपमधल्या लिमिटच्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा. फॅमिली प्लॅन असेल तर जोडलेल्या सगळ्या नंबरांना मिळून एकच लिमिट असते का तेही बघा; घरातल्या पोराने प्ले स्टोअरवरून मोबाईल बिलात टाकून काही विकत घेतलं असेल तर तीही रक्कम यातच धरली जाते.

तक्रार १९८ वर. हा तक्रारीचा नंबर आहे आणि फुकट आहे. कर्नाटक सर्कलच्या (सर्कल म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग) नंबरवरून लावलात तर बऱ्याचदा कन्नड, हिंदी, इंग्रजी एवढेच पर्याय मिळतात, मराठी नाही. कन्नड येत असेल तर कन्नडच घ्या, माणूस लवकर मिळतो. ‘चौकशी करायची आहे’ असं म्हणू नका, चौकशीची नोंद होत नाही. ‘बिलाची तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या’ असं म्हणा; डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक. तीन मागण्या सांगा: लिमिट कोणत्या तारखेला आणि कोणत्या सूचनेने वाढवली ते लेखी द्या, ३,९८० रुपये बिलातून कमी करा, लिमिट परत १,५०० करा. डॉकेट नंबर मेसेजवर आला नाही तर फोन ठेवू नका.

इथे एक सापळा असतो. दोन-तीन दिवसांनी फोन येतो, ‘सर, आपल्यासाठी हजार रुपयांची सूट देतो’. वडील हो म्हणाले की डॉकेट ‘निकाली’ म्हणून बंद. त्यामुळे सूट घ्यायची असेल तर ‘ही अंशतः सूट आहे, उरलेल्या रकमेची तक्रार चालू ठेवा’ असं त्याच कॉलवर सांगा आणि लगेच ईमेलवरही टाका. गावातल्या फ्रँचायझी दुकानात यासाठी हेलपाटे घालू नका. त्यांच्या हातात बिल कमी करणं नसतं.

बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरा. उत्तर पटलं नाही, किंवा आलंच नाही, तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपीलीय प्राधिकाऱ्याकडे अपील. फी नाही, ईमेल चालतो, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपील ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याच्या नावाने; तुम्ही लिहून द्या, सही वडिलांची.

आपल्या भागात इथे एक घोळ नेहमी होतो. निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडच्या कित्येकांकडे कोल्हापूर किंवा चंदगडला घेतलेली कार्डं असतात. अपीलीय प्राधिकारी सर्कलनुसार असतो, राहत्या गावानुसार नाही. नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा असेल तर निपाणीत राहूनही अपील त्या सर्कलच्या प्राधिकाऱ्याकडे. वडिलांचा नंबर कर्नाटकचा असेल तर कर्नाटकच्या. चुकीच्या पत्त्यावर गेलेला ईमेल पडून राहतो आणि तीस दिवस निघून जातात. (सीमेवर फोन पलीकडच्या टॉवरला लागतो म्हणून बिल वाढलं, असंही काही जण समजतात. देशातल्या रोमिंगचा आता बहुतेक प्लॅनमध्ये वेगळा आकार नसतो; तुमच्या बिलाशी त्याचा संबंध नाही.)

ट्रायला पत्र लिहा, असा सल्लाही कुणी देतं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, कंपनीकडे पाठवून देतं. त्यापेक्षा अपिलानंतर दूरसंचार विभागाकडे तक्रार केंद्र सरकारच्या पीजी (सार्वजनिक तक्रार) पोर्टलवर टाका, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर.

त्यानेही भागलं नाही तर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमची प्रकरणं ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा निकालात काढला: चालतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, म्हणून नंबर महाराष्ट्राचा असला तरी खानापूरच्या माणसाला कोल्हापूरला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. कागद कन्नड किंवा इंग्रजीत करून घ्या. तरी ३,९८० रुपयांसाठी तारखांना फेऱ्या मारायच्या का, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते अपील नीट लिहिलं तर इथवर यायची वेळ सहसा येत नाही.

दरम्यान बिल पूर्ण थकवू नका. १,५०० रुपये भरा आणि ईमेल करा की उरलेली रक्कम अमुक डॉकेटखाली वादात आहे. थकलेलं पोस्टपेड बिल क्रेडिट अहवालात दिसू शकतं, उद्या घराचं किंवा शेतीचं कर्ज काढताना नसता त्रास. रागाने दुसऱ्या कंपनीत पोर्टही करू नका: देय तारीख उलटलेलं बिल बाकी असेल तर पोर्टिंग नाकारलं जातं, आणि गेल्यावर जुनं देणं राहिलं तर नंबर बंद पाडता येतो. वाद मिटला की वडिलांचं कार्ड त्याच कंपनीत प्रीपेड करून घ्या, ते ओटीपीवर होतं; पण परत पोस्टपेडला यायचं तर पहिल्या वेळी तीस दिवस थांबावं लागतं, त्यानंतरच्या वेळी नव्वद. पोस्टपेडच ठेवायचं असेल तर आंतरराष्ट्रीय रोमिंग आणि आयएसडी आजच बंद करा आणि प्ले स्टोअरमधला मोबाईल बिलाचा पर्याय काढून टाका. १९२५ वर मोबाईल डेटा बंद-चालू करता येतो, हेही वडिलांना दाखवून ठेवा.