संगीत नाटकांची कागदं जमवताय? मग आधी हे ऐका

छंद चांगला धरलात! पण पहिल्याच महिन्यात 'बालगंधर्वांचा मूळ फोटो' घ्यायला धावू नका. त्यांच्या फोटोंच्या नंतर काढलेल्या प्रती ढिगाने फिरतात आणि नवखा हमखास तिथेच फसतो (मीही फसलोय, आकडा विचारू नका).

सुरुवात पदांच्या पुस्तिकांपासून करा. नाटकातल्या पदांची ही पातळ पुस्तकं जुन्या रद्दीत अजून सापडतात. नाटक मंडळी, म्हणजे नाटक कंपनी, एकच निवडा: किर्लोस्कर, गंधर्व किंवा ललितकलादर्श. सगळंच गोळा केलंत तर ट्रंक भरेल, संग्रह होणार नाही.

हँडबिलावर, म्हणजे खेळाच्या जाहिरातीच्या पत्रकावर, कधीकधी वार-तारीख असते, साल नसतं. तेव्हा नटांची नावं वाचा. 'मानापमान' रंगभूमीवर आलं 1911 मध्ये, आणि 1913 मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले. म्हणजे किर्लोस्करांच्या 'मानापमान'च्या हँडबिलावर भामिनी (नाटकाची नायिका) म्हणून त्यांचं नाव असेल, तर कागद त्याच दोन-अडीच वर्षांतला. हे जमायला लागलं की खरी मजा!

आणि हात जोडून सांगतो:

- लॅमिनेशन नको. एकदा केलं की कागद गेलाच.
- फाटलेल्या जागी सेलोटेप नको. पिवळा डाग कायमचा राहतो.
- गंजलेली टाचणी ओढू नका, हळूच सोडवा.
- कुठून, कधी, कितीला घेतलं ते वहीत लिहा, कागदावर नाही.

दुरुस्ती, किमती वगैरे नंतर बघू. पहिल्या दहा पुस्तिका जमल्या की सांगा.