तो एक सामना वेळापत्रकातून काढू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल मिळाली. तुमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या पुढच्या हंगामातल्या कॉन्फरन्सबाहेरच्या (म्हणजे आपल्या गटात नसलेल्या कॉलेजांशी होणाऱ्या) सामन्यांसाठी तू तयार केलेलं मॉडेल मी सावकाश बसून पाहिलं. काम चोख आहे. कोणाशी, कोणाच्या कोर्टवर आणि किती गुणांच्या फरकाने खेळलो तर नेट क्रमवारीत (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए लावते त्या संघांच्या क्रमवारीत) काय हलतं, हे तू फार नेटकेपणाने मांडलं आहेस आणि तुझ्या कोचना त्याचा उपयोग होईल. माझा आक्षेप एकाच ओळीला आहे. नदीपलीकडच्या कॉलेजशी दर वर्षी होणारा सामना तू लाल रंगात दाखवला आहेस आणि पुढे लिहिलं आहेस, 'काढता येईल'. तो काढू नकोस. का ते सविस्तर लिहितो, कारण तू या कामात राहिलीस तर ही ओळ दर दोन-तीन वर्षांनी तुझ्यासमोर येणार आहे.

गणितात तुझं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. २०१८ मध्ये आरपीआय ही जुनी क्रमवारी गेली आणि नेट आलं. आरपीआयमध्ये निम्मं वजन प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या टक्केवारीला होतं. तुम्ही किती गुणांनी जिंकलात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नेट मात्र दर पझेशनमागे, म्हणजे दर वेळी चेंडू ताब्यात आल्यावर, किती गुण केले आणि किती दिले ते पाहतं, आणि २०२० पासून दहा गुणांपुढचा फरक न मोजण्याची जुनी मर्यादाही उरली नाही. त्यामुळे दूरच्या एखाद्या कमकुवत संघाला पैसे देऊन घरी बोलवायचं आणि चाळीस गुणांनी हरवायचं, हे क्रमवारीला मानवतं. तितक्याच कमकुवत शेजाऱ्याला मात्र तू सहा-सात गुणांनीच हरवशील, कारण त्या रात्री तो आपल्या कुवतीच्या वर जाऊन खेळतो. क्रमांक दोनशेच्या आसपास असलेल्या शेजाऱ्याला घरच्या कोर्टवर हरवलं तर तो विजय चौथ्या क्वाड्रंटमध्ये (समोरच्याचा क्रमांक आणि सामन्याची जागा पाहून पाडलेल्या चार प्रतींपैकी सगळ्यांत खालच्या प्रतीत) जातो आणि एनसीएए स्पर्धेसाठी संघ निवडणाऱ्या समितीच्या टीम शीटवर, म्हणजे संघाच्या निकालांच्या कागदावर, कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हरलो तर तोच सामना सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. तुझ्या मॉडेलने हे बरोबर पकडलं आहे.

पण मॉडेलला तू विचारलंस काय? समितीकडून मिळणाऱ्या ॲट-लार्ज जागेची शक्यता जास्तीत जास्त कशी वाढेल, एवढंच. आता तुझं कॉलेज कुठे उभं आहे ते बघ. २०२५ च्या एनसीएए स्पर्धेत ६८ संघ होते. त्यातल्या ३१ जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळाल्या आणि ३७ समितीने दिल्या. त्या वर्षी एसईसी या एकट्या बड्या कॉन्फरन्सचे १४ संघ आत होते. मधल्या फळीतल्या कॉन्फरन्सना काय उरतं, ते इंडियाना स्टेटच्या उदाहरणातून समजून घे. २०२४ मध्ये त्यांनी २८ सामने जिंकले होते आणि नेटमध्ये ते पहिल्या तिसात होते. मिझुरी व्हॅली या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरले. त्याच आठवड्यात इतर कॉन्फरन्समध्ये अनपेक्षित विजेते निघत गेले, एकेक जागा आटत गेली, आणि रविवारी जाहीर झालेल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पुढे ते एनआयटी या दुय्यम स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तिथे सीटन हॉलकडून दोन गुणांनी हरले. त्या संघाने वेळापत्रकात याहून वेगळं काय करायला हवं होतं, याचं ठाम उत्तर मला आजही देता येत नाही.

तुमचा खरा रस्ता मार्चमधल्या कॉन्फरन्स स्पर्धेतून जातो. ते तीन-चार दिवस जिंकलात तर नेट काहीही असो, तुम्ही आत. हरलात तर समितीच्या दारात उभं राहून फार थोड्यांना जागा मिळते. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत, म्हणजे दर वर्षी पावणेतीनशेच्या वर संघ घरी बसून ती यादी ऐकतात. त्या पावणेतीनशे कॉलेजांतली मुलंही पहाटे उठून सराव करतात, बसमध्ये अभ्यास करतात, गुडघ्याला बर्फ बांधून वर्गात बसतात. त्यांच्या हंगामात मार्चच्या आधी एक तरी दिवस असा हवा, ज्याची ती जूनपासून वाट पाहतात. तुझ्या फाइलमधली ती लाल ओळ म्हणजे तो दिवस आहे.

मी फिलाडेल्फियात राहतो, म्हणून इथलं सांगतो. ला साल, पेन, सेंट जोसेफ्स, टेम्पल आणि व्हिलानोव्हा ही पाच कॉलेजं १९५५ पासून 'बिग फाइव्ह' म्हणून एकमेकांशी खेळत आली आहेत. पाचांची कॉन्फरन्स कधीच एक नव्हती. त्यामुळे या सामन्यांतून थेट जागा मिळत नाही की कॉन्फरन्सच्या तक्त्यात गुण मिळत नाहीत. मिळतो तो शहराचा मान. हे सामने वर्षानुवर्षं पेनच्या पॅलेस्ट्रामध्ये होत. १९२७ मध्ये उघडलेलं ते सभागृह अजून उभं आहे. प्रेक्षकांची बाकं जवळजवळ कोर्टला टेकलेली आहेत. पूर्वी पहिली बास्केट पडली की दोन्ही बाजूंनी कागदी फिती कोर्टवर यायच्या. पुढे नियमाने ते बंद झालं. समोरच्या कॉलेजला चिडवणारे लांबलचक फलक विद्यार्थी बाकांवरून उलगडत न्यायचे, आणि त्या फलकांवरचा मजकूर हा आठवडाभराच्या खलबतांचा विषय असायचा.

या पाचांत व्हिलानोव्हा सगळ्यांत मोठं झालं. १९८५ मध्ये आठव्या मानांकनावरून त्यांनी जॉर्जटाउनला ६६–६४ ने हरवून एनसीएए विजेतेपद घेतलं. इतक्या खालच्या मानांकनाच्या संघाने ते त्याआधी किंवा नंतर कधी जिंकलेलं नाही. २०१६ आणि २०१८ मध्ये पुन्हा जिंकले. अशा संघाला पेनच्या कोर्टवर जाऊन खेळण्याची गरज काय, हा प्रश्न तुझ्या मॉडेलने नक्की विचारला असता. ते जात राहिले. बिग फाइव्हमधले सलग २५ सामने त्यांनी जिंकले, आणि ११ डिसेंबर २०१८ ला, गतविजेते असताना, पॅलेस्ट्रावर पेनकडून ७८–७५ ने हरले. त्या वर्षी पेनला एनसीएए स्पर्धेत जागा मिळाली नाही. व्हिलानोव्हाला मिळाली. एका डागाने त्यांचं दार बंद झालं नाही, आणि पेनच्या त्या मुलांना आयुष्यभर सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.

या शहरानेही काटकसर करून पाहिली आहे. १९९१ ते १९९९ या काळात पाचही जणांनी एकमेकांशी खेळण्याची पद्धत मोडली होती, मग ती परत आणावी लागली. २०२३ पासून ड्रेक्सेल सहावं झालं आणि आता गटवार सामने होऊन शेवटी मोठ्या व्यावसायिक अरीनात एकाच दिवशी तीन सामने होतात. वेळापत्रक जमवायला ते सोपं आहे, मान्य. मला ते पुरेसं वाटत नाही. जिथे विद्यार्थी वसतिगृहातून चालत येतात तिथे आवाज वेगळा असतो. वीस हजारांच्या सभागृहात तेच विद्यार्थी एका कोपऱ्यात विरघळून जातात. तुझ्याकडे कोणी 'डाउनटाउनच्या मोठ्या हॉलमध्ये नेऊ या' असं सुचवलं तर दहादा विचार कर.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहार यांचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठांमध्ये सकाळपासून दुसरा विषय नसायचा. तिथला संघ देशाच्या क्रमवारीत कितवा, हे कोणी विचारत नसे. फिलाडेल्फियात आल्यावर पॅलेस्ट्रा मला परकं वाटलं नाही, ते यामुळे.

मोठ्या कॉलेजांचं नेहमीचं म्हणणं असतं: जिंकलो तर काही मिळत नाही आणि हरलो तर सगळं जातं, मग खेळायचं कशाला? केंटकी विद्यापीठाने हे म्हणणं फार वर्षं चालवलं. त्यांच्या लेक्सिंग्टनहून लुईव्हिल विद्यापीठापर्यंत सव्वा तासाचा रस्ता, पण १९२२ नंतर नियमित हंगामात हे दोन संघ समोरासमोर आलेच नाहीत. अखेर एनसीएए स्पर्धेनेच ते घडवलं. २६ मार्च १९८३ ला नॉक्सव्हिलमध्ये विभागीय अंतिम सामन्यात लुईव्हिलने जादा वेळेत ८०–६८ असा विजय मिळवला. त्यानंतर लोकांनी आणि राज्याच्या पुढाऱ्यांनी असा रेटा लावला की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून नियमित मालिका सुरू झाली. आज तो सामना नसलेला हंगाम केंटकीत कोणाला सहन होणार नाही. केंटकीचं त्यात काय गेलं? त्यानंतरही त्यांनी विजेतेपदं जिंकलीच.

उलट कॅन्सस आणि मिझुरी. मिझुरीने २०१२ मध्ये कॉन्फरन्स बदलली आणि शंभर वर्षांहून जुनी मालिका थांबली. शेवटचा सामना कॅन्ससने १९ गुणांची पिछाडी भरून काढून जादा वेळेत ८७–८६ ने जिंकला होता. पुन्हा खेळायला डिसेंबर २०२१ उजाडलं. चार वर्षांच्या कॉलेजच्या हिशेबात दोन पिढ्या तो सामना न बघता पदवी घेऊन गेल्या. सामना परत आणता येतो, पण त्या मुलांना तो परत देता येत नाही.

आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलण्याची वाट मोकळी झाल्यामुळे, ही गोष्ट अधिकच महत्त्वाची झाली आहे. पूर्वी खेळाडू चार वर्षं थांबायचा, शेजाऱ्याकडून दोनदा हरायचा, मग जिंकायचा, आणि त्या चार सामन्यांतून त्याला आपण कुठे खेळतो हे कळायचं. आता दर एप्रिलला निम्मा संघ बदलतो, कधी कोचही जातात. प्रेक्षकाने ओळख धरायची कोणाशी? तारीख, जागा आणि समोरचं कॉलेज, एवढंच वर्षानुवर्षं तेच राहतं. तुझ्या तक्त्यातलं सगळं बदलत असताना हे तेवढं स्थिर ठेवणं तुझ्या हातात आहे.

वैर चिघळू शकतं, हेही लक्षात ठेव. सिनसिनाटी आणि झेवियर एका शहरातली, काही मैलांवरची कॉलेजं. डिसेंबर २०११ मध्ये त्यांच्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत मारामारी झाली, पंचांनी खेळ तिथेच थांबवला आणि दोन्ही बाजूंच्या खेळाडूंवर बंदी आली. दोन वर्षं सामना शहरातल्या तटस्थ कोर्टवर नेला आणि मग परत कॉलेजांच्या कोर्टवर आणला. त्यांनी तो बंद केला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. तुमच्याकडे तशी वेळ येऊ नये म्हणून दोन्ही कर्णधारांची आणि दोन्ही विद्यार्थी संघटनांची आधी एकत्र बैठक घे, आणि पाहुण्या विद्यार्थ्यांची जागा पाहुण्यांच्या बेंचमागेच ठेव.

आता कामाचं. कॉन्फरन्सचे अठरा ते वीस सामने गेले की तुझ्याकडे डझनभर तारखा उरतात. त्यातली एक कायमची बाजूला काढ आणि मॉडेलला उरलेल्या अकरांवर चालव. नोव्हेंबरमध्ये तटस्थ कोर्टवरच्या स्पर्धेत जागा मिळव. तिथे पहिल्या पन्नासातला संघ भेटला तर तो पहिल्या क्वाड्रंटचा सामना होतो. शेजाऱ्याशी आलटूनपालटून खेळण्याचा करार कर. तोच दोनशेव्या क्रमांकाचा संघ त्याच्या जिममध्ये तिसऱ्या क्वाड्रंटमध्ये जातो, आणि उद्या तो सत्तरावर चढला तर त्याच्याकडे मिळवलेला विजय थेट पहिल्यात. शिवाय मोठे संघ तुमच्या छोट्या जिममध्ये येत नाहीत. कराराने बांधलेला शेजारीच काय तो दर दुसऱ्या वर्षी येतो. विमान नाही, हॉटेल नाही, कोणाला पैसे देऊन बोलवायचं नाही. हा खर्चाचा रकाना तुझ्या फाइलमध्ये नव्हता, तो घाल.

तारीख डिसेंबरच्या पहिल्या शनिवारची माग. परीक्षा त्यानंतर असतात आणि नाताळच्या सुट्टीत वसतिगृहं रिकामी असतात, तेव्हा ठेवलेला सामना अर्धा मेलेला असतो. करार किमान चार वर्षांचा असू दे. ऐन वेळी माघार घेणाऱ्याने द्यायची भरपाई इतकी ठेव की पुढच्या कोचना ती परवडू नये. समोरच्या कॉलेजच्या ऑफिसला ईमेल करू नकोस, फोन कर, आणि शक्य असेल तर गाडी काढून जा. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. कराराचा मसुदा आला की सही होण्याआधी मला पाठव. रद्द करण्याचं कलम मी शब्दन् शब्द वाचून देतो.

तुझा,
काका