सेकंडहँड लिफ्ट घेण्याआधी पायाखालचं काँक्रीट मोजा

प्रश्न: मी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांची कामं करतो, जॅक आणि स्टँडवर आडवं पडून पडून आता पाठ बोलायला लागलीये. एक वर्कशॉप बंद होतंय, तिथे 4 टनाची टू-पोस्ट (दोन खांबांची) हायड्रॉलिक लिफ्ट आहे, वय 14-15 वर्षं, खालून प्लेट असलेली (दोन खांब जमिनीवरच्या प्लेटने जोडलेले), खांबांची उंची 2.8 मीटर. माझं छत 3.2 मीटरवर आहे. मालक म्हणतो मस्त चालते, उद्या घेऊन जा. काय काय बघू? आणि बसवायचं काम आम्ही दोघं-तिघं मित्र मिळून करू शकतो का?

उत्तर: लिफ्ट बघायला नंतर जा, आधी स्वतःच्या गॅरेजचा कोबा किती जाड आहे ते बघा. सगळे उलटं करतात, लिफ्ट घरी येऊन पडते आणि मग कळतं की खाली नुसता दोन-अडीच इंचाचा थर आहे आणि त्याखाली मुरूम. मी स्वतः हे भोगलंय. पहिली लिफ्ट बसवताना जाडी मोजलीच नाही, चौथा अँकर (खांब काँक्रीटला धरून ठेवणारा बोल्ट) टाइट करत होतो आणि नट फिरतोय फिरतोय, पाना जड व्हायचं नावच घेत नाही, आणि बघता बघता अँकर अख्खा वर आला, सोबत काँक्रीटची खपली. नशीब वर गाडी नव्हती. त्या दिवशी सगळं उतरवून ठेवलं आणि दोन्ही खांबांखालचा कोबा फोडायला घेतला.

टू-पोस्टचे आर्म, म्हणजे गाडी उचलणारे हात, आतल्या बाजूला लांब गेलेले असतात आणि गाडीचं वजन त्यांच्यावर येतं, म्हणजे दोन्ही खांब एकमेकांकडे झुकायला बघतात आणि ते थोपवून धरतात खांबाच्या मागच्या बाजूचे अँकर. ते सतत उपटले जात असतात असं समजा. म्हणून काँक्रीट हा लिफ्टचाच भाग आहे.

मोजायची पद्धत सोपी आहे. खांब येणार त्या दोन्ही जागी हॅमर ड्रिलने 12 मिमीचं आरपार भोक पाडा, एका जाड तारेचं टोक काटकोनात वाकवून आत सोडा, खालच्या कडेला अडकवून वर ओढा आणि फरशीच्या पातळीवर तारेला खूण करा. तेवढी जाडी. वर टाइल्स असतील तर त्या धरू नका, खांबाखालच्या टाइल्स काढाव्याच लागतात. या वजनाच्या लिफ्टला कंपनीप्रमाणे 100 मिमीपासून 200 मिमीपर्यंत चांगलं काँक्रीट मागतात, ताकद साधारण 20 ते 25 मेगापास्कल, आणि अँकरपासून तडा किंवा कड किमान 150 मिमी लांब हवी, मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असेल तर तेच खरं. जाडी कमी निघाली तर खांबाखालचा चौकोन कापून, सळई घालून, जुन्या कोब्याला सळईने जोडून नवीन ओता आणि 28 दिवस थांबा. आठवडाभर पाणी मारून दगडासारखं दिसायला लागलं तरी थांबा. आणि स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल, तर ड्रिल लावूच नका, केबल कापली गेली तर माणूस दगावू शकतो.

छताचं गणित तुम्हीच करा. गाडी 1.5 मीटर उंच धरली तर वर राहतात 1.7, त्यातून थोडी मोकळी जागा सोडली की गाडी सुमारे 1.6 मीटर वर जाईल. उंच माणसाला मान वाकवावी लागेल, पण आडवं पडण्यापेक्षा लाख पटीने बरं. तुमची लिफ्ट खालून प्लेटवाली असल्यामुळे हे जमतंय, वरून आडवा बार असलेली घेतली असती तर बहुतेक छतात गेली असती. फक्त छताला टेकायच्या आधी मोटर बंद करणारा लिमिट स्विच नक्की लावा.

आता लिफ्टकडे. खोलण्याआधी, उभी असताना, गाडी चढवून बघायची, खोलून ठेवलेली लिफ्ट मी तरी घेणार नाही. वर जाताना दोन्ही खांबांतून टक-टक आवाज येतो तो लॉकचा खटका, तो कान देऊन ऐका. दोन्हीकडून जवळपास एकदमच यायला हवा. एक आधी आणि एक नंतर येत असेल तर दोन कॅरेज (खांबात वर-खाली सरकणारे, आर्म धरणारे भाग) जोडणारी वायर रोप सैल झालीये, ती अ‍ॅडजस्ट होते, पण मग रोप नीट तपासा: जाड फडकं धरून तिच्यावरून फिरवा, तुटलेली तार असेल तर धागा अडकतो, हात मात्र उघडा लावू नका. पुलीजवळचा भाग आणि टोकं जास्त बघा. मग खाली सोडून लॉकवर बसवा आणि बॅटरीने आत बघा, खटका पूर्ण बसलाय की नुसता टोकावर टेकलाय. खटक्याची कड गोल झालेली असेल तर तो भाग कंपनीकडून नवीन मिळतोय का ते आधी विचारा, घासून-वेल्डिंग करून घेऊ नका.

सिलेंडरच्या रॉडवर नख फिरवा, नख अडकलं म्हणजे क्रोम गेलंय आणि नवीन सील पण टिकणार नाही. चेन असेल तर मूळ लांबीपेक्षा 2-3 टक्के वाढली की बदलायची. आर्म पूर्ण लांब करून टोक खाली झुकलंय का बघा, पिनचं भोक लांबट झालंय का बघा, आणि वर उचलल्यावर आर्म हाताने ढकलून बघा, हलायला नको. वेल्डिंगच्या जागीच नवा जाड रंग दिसला तर खरवडून बघायची परवानगी मागा. आणि क्षमता-नंबरची पाटी काढून टाकलेली असेल तर मी सरळ परत येईन, कारण पाटी नाही म्हणजे मॅन्युअल नाही आणि मॅन्युअल नाही म्हणजे अँकर किती खोल, किती टॉर्क (म्हणजे किती जोराने आवळायचा), काहीच कळत नाही.

बसवणं तिघांना जमेल, पण खांब दोन-अडीचशे किलोच्या घरात असतो, हाताने उभा करायचा नाही, चेन-पुली किंवा क्रेन आणा. ओळंबा आणि पाणसळ लावून खांब दोन्ही दिशांनी सरळ करा, अँकर नवेच घ्या (जुने एकदा फुगले की परत धरत नाहीत), भोकातली धूळ फुंकून-ब्रशने पूर्ण काढा, आणि टॉर्क रेंचनेच आवळा. पहिल्या काही दिवसांनी परत टॉर्क तपासा. पहिली गाडी फक्त वितभर उचला, जोरात हलवून बघा, मगच वर न्या.

प्रश्न: माझी जुनी लिफ्ट रात्रभर गाडी ठेवली की सकाळी दोन इंच खाली आलेली असते. तेल कुठे सांडत नाही. चालेल का?

उत्तर: म्हणजे तुम्ही गाडी तेलाच्या दाबावर ठेवताय, लॉकवर नाही, आणि ते आजपासून बंद करा. वर नेल्यावर खाली सोडायचा व्हॉल्व्ह दाबून लॉकवर टेकवायची, मगच खाली जायचं, दोन मिनिटांच्या कामाला सुद्धा. तेल बाहेर दिसत नाही म्हणजे बहुतेक सिलेंडरच्या आतलं सील किंवा तो व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. आधी व्हॉल्व्ह काढून साफ करा, कचरा अडकलेला असतो, तेवढ्याने थांबलं नाही तर सील.

प्रश्न: लिफ्ट थ्री फेज आहे, घरी सिंगल फेज. काय करू?

उत्तर: व्हीएफडी (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावून चालते, पण मोटरच्या पाटीवर 230/400 व्होल्ट असेल तर डेल्टामध्ये (मोटरची त्रिकोणी जोडणी) जोडून जमेल, 400/690 असेल तर साध्या सिंगल फेजच्या व्हीएफडीवर नाही. कंट्रोलचा काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये जोडायचा नाही आणि पंप उलटा फिरत नाहीये ना हे पहिल्या सेकंदातच बघायचं. मला विचाराल तर तेवढ्याच दाबाचा सिंगल फेज पॉवर पॅक (मोटर, पंप आणि टाकीचा संच) बसवा, वायरमन कडून वेगळी लाइन ओढून घ्या.